दुसऱ्या उन्हाळ्यातला फोन

येरवड्यात रस्ता ओलांडला की मोबाइलची किंमत बदलते. संध्याकाळी कॉमरझोनच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्यांच्या हातात सत्तर-ऐंशी हजारांचे गॅलेक्सी नि पिक्सेल दिसतात. तिथून फार लांब नसलेल्या लक्ष्मीनगरात एकच मोबाइल आधी थोरल्याने, मग धाकट्याने वापरून आता आईकडे आलेला असतो. गुंजन चौकात सिग्नलला थांबलेल्या डिलिव्हरीच्या पोरांचे फोन हँडलला अडकवलेले, उन्हात तापलेले. (ज्या तुरुंगाच्या नावाने सगळा महाराष्ट्र येरवडा ओळखतो त्याच्या भिंतीआड मोबाइल नेणं हाच गुन्हा आहे, तेव्हा तो परिसर या आढाव्यातून आपोआप वगळला जातो.) सगळ्यांच्या फोनमध्ये यंत्रणा एकच, अँड्रॉइड. अनुभव मात्र इतके वेगळे की एकाच नावाखाली ते मावतात याचंच नवल वाटावं.

‘कोणता फोन घेऊ?’ या प्रश्नावर मराठी-हिंदीत ढिगाने व्हिडिओ निघतात. बहुतेक व्हिडिओ खोकं उघडल्यापासून आठवड्याभरात केलेले असतात, आणि पहिल्या आठवड्यात कुठलाच फोन अडकत नाही. तुलना करायचीच तर ती दुसऱ्या उन्हाळ्यात करावी. तोवर स्टोरेज भरलेलं असतं, बॅटरी थकलेली असते, एक-दोन मोठी अपडेट येऊन गेलेली असतात. आणि ती आठ ते अठरा हजारांच्या फोनांची करावी. वरच्या किमतीत एका फोनचा कॅमेरा जरा उजवा, दुसऱ्याचा पडदा जरा बरा, एवढाच वाद उरतो. खालच्या किमतीत फोन अडकला की त्या दिवसाची कमाई अडकते.

लोक ‘फोन हँग होतो’ म्हणतात तेव्हा तो नेमका किती वेळ थांबलेला असतो? याची मापं गूगलने ॲप बनवणाऱ्यांसाठी ठरवून दिली आहेत. ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढलं जातं, म्हणजे एका चित्रासाठी फोनला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. ते हुकलं की यादी वर सरकवताना किंचित अडखळते. ७०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला तर ते चित्र गोठलं असं धरतात. आणि बोट लावून ५ सेकंद झाले तरी ॲपने दाद दिली नाही, तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही ओळखीची पाटी येते, थांबायचं की बंद करायचं ते तुम्ही ठरवा. १२० हर्ट्झचा फोन घेणारा आठ मिलिसेकंदांच्या गुळगुळीतपणाचे पैसे मोजतो. तीन वर्षं जुना, ३ जीबी रॅमचा फोन वापरणारी बाई त्या पाच सेकंदांच्या पाटीशी झगडत असते. परीक्षणांमध्ये पहिल्या फरकावर मिनिटंच्या मिनिटं खर्ची पडतात, दुसऱ्याचा उल्लेखही नसतो.

स्वस्त पण बऱ्या फोनांचा बाजार आपल्याकडे खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २०१४ मध्ये. फेब्रुवारीत मोटो जी फ्लिपकार्टवर १२,४९९ रुपयांपासून मिळू लागला, मे महिन्यात मोटो ई ६,९९९ ला आला, जुलैत शाओमीने मी ३ आणला. सप्टेंबरमध्ये गूगलने ‘अँड्रॉइड वन’ची सुरुवात भारतातून केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तिघांचे फोन, किंमत ६,३९९ पासून, रॅम १ जीबी, स्टोरेज ४ जीबी. कल्पना सुरेख होती. कंपन्यांनी आपलं काहीही वर चढवायचं नाही, अपडेट थेट गूगलकडून येणार. पण ४ जीबीतला मोठा वाटा यंत्रणाच खाऊन टाकी, आणि उरलेल्या जागेत व्हॉट्सॲपवर आलेलं एखादं लग्न मावलं तरी पुष्कळ. मोटो जीचा प्रोसेसरही साधाच होता, पण सॉफ्टवेअर हलकं असल्याने तो फोन किमतीच्या मानाने चपळ वाटे. दहा-बारा वर्षं झाली, बाजाराने या दोन गोष्टींतून फारसं काही घेतलेलं दिसत नाही. खोक्यावर अजूनही प्रोसेसरचं नाव ठळक असतं आणि स्टोरेज कोणत्या जातीचं आहे ते शोधून काढावं लागतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फोनवरचा भार पालटला. तोवर लोक डेटा जपून वापरत. डेटा स्वस्त झाल्यावर गुड मॉर्निंगच्या फुलांनी, कीर्तनाच्या नि वाढदिवसांच्या व्हिडिओंनी स्टोरेज भरायला सुरुवात झाली. आजही रिपेअरिंगच्या टपरीवर ‘फोन हळू झालाय’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच असतो, ‘गॅलरी रिकामी केलीत का?’

स्वस्त फोनच्या कामगिरीचा सार्वजनिक पंचनामा महाराष्ट्रात एकदा झाला आहे, आणि तो कुठल्या परीक्षकाने केलेला नाही. तो अंगणवाडी सेविकांनी केला. पोषण अभियानाखाली सेविकांना सरकारी स्मार्टफोन दिले गेले होते, रॅम २ जीबी. १ मार्च २०२१ ला केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आणलं. मुलांची वजनं-उंची, गरोदर बायकांच्या नोंदी, शिध्याचं वाटप, सगळं त्यात भरायचं. फोन तापत, अडकत, जागा पुरत नसे. वॉरंटी संपलेली, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च मानधनावर काम करणाऱ्या बाईच्या पदरातून. त्यात ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरात हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले. भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही चांगल्या मोबाइलची मागणी होतीच.

हे प्रकरण मला फोनविषयीच्या कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाचं वाटतं. फोन हातात आले तेव्हा ते चालत होते. दरम्यान ॲप बदललं, अँड्रॉइडची आवृत्ती पुढे गेली, नोंदी साचल्या. फोन होता तिथेच राहिला आणि काम त्याच्या आवाक्याबाहेर गेलं. फोन ‘जुना होतो’ म्हणजे बहुतेक वेळा हेच होतं. नंतर भार वाढतच गेला. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ ॲपवर भरण्याचं कामही सेविकांकडे आलं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थी बाईचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्याने पडताळणं सक्तीचं झालं, जोडीला ओटीपी. बोलायला एकच पायरी, पण तिच्यासाठी कॅमेरा धड हवा, पत्र्याच्या खोलीत नेटवर्क हवं, आणि ओटीपीचा मेसेज पाहून परत येईपर्यंत ॲप जिवंत राहायला हवं. यातली शेवटची गोष्ट स्वस्त फोनला सगळ्यात जड जाते.

ती जड का जाते हे समजून घेण्यासारखं आहे. तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की पहिलं ॲप रॅममध्ये तसंच बसून राहतं. रॅम कमी पडू लागली की अँड्रॉइड मागच्या ॲपमधला मजकूर दाबून लहान करतं. तेही पुरलं नाही तर एकेक ॲप मारून टाकतं. २ किंवा ३ जीबीच्या फोनमध्ये यंत्रणा आणि गूगलच्या सेवा यांनीच बरीचशी रॅम व्यापलेली असते, त्यामुळे मेसेज बघून परतल्यावर फॉर्म पहिल्या पानापासून सुरू होतो. भाजीवाल्यासमोर क्यूआर स्कॅन करताना ॲप पुन्हा ‘लोड’ होत बसतं ते याच कारणाने. यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे खोक्यावरचं ‘४+४ जीबी’. त्यातले दुसरे चार म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा रॅम म्हणून वापरायचा. रॅमपुढे स्टोरेज फारच संथ, आणि स्वस्त फोनचं स्टोरेज त्याहून संथ. ही अधिकची बेरीज खोक्यावर छापण्याची परवानगी कशी मिळते, हे मला कळलेलं नाही.

स्टोरेजची जात म्हणजे ईएमएमसी की यूएफएस. माझ्या मते या बाजारातली सगळ्यात निर्णायक आणि सगळ्यात कमी चर्चिली जाणारी गोष्ट हीच. ईएमएमसी सेकंदाला साधारण ३०० एमबी वाचतं, यूएफएसची २.२ ही आवृत्ती हजाराच्या घरात, महागड्या फोनांतलं यूएफएस ४.० चार हजारांच्या आसपास. पण वेगापेक्षा मोठा फरक वेगळाच आहे. ईएमएमसीला एका वेळी एक तर वाचता येतं नाहीतर लिहिता येतं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. ईएमएमसी म्हणजे एकाच बाजूने वाहतूक सोडणारा अरुंद पूल, समोरून गाडी आली की तुम्ही थांबायचं. पाठीमागे व्हॉट्सॲप व्हिडिओ उतरवून घेतंय, प्ले स्टोअर अपडेट भरतंय आणि तुम्ही गडबडीत पेमेंटचं ॲप उघडताय, हा क्षण दोन फोनांना वेगळं पाडतो. त्यात स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर लिहिण्याआधी आतली जागा पुसून, हलवून मोकळी करावी लागते, आणि तेवढ्यात सगळंच खोळंबतं. पाचवा-सहावा हिस्सा कायम रिकामा ठेवा, हा दुकानदारांचा सल्ला म्हणूनच खरा आहे. १२ हजारांच्या दोन फोनांत एकाकडे १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ईएमएमसी, दुसऱ्याकडे ५० मेगापिक्सेल आणि यूएफएस असेल, तर डोळे मिटून दुसरा घ्यावा.

आता गुणांच्या चाचण्या. अँतुतू, गीकबेंच अशी ॲपं फोनला घाम फोडून शेवटी एक आकडा देतात, आणि तो आकडा जाहिरातीत जातो. आकडा खोटा नसतो, पण परीक्षेपुरता असतो. २०१३ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस ४ चाचणीचं ॲप ओळखून तेवढ्यापुरता वेग वाढवताना सापडला. २०१८ मध्ये हुआवेचे काही फोन याच कारणासाठी थ्रीडीमार्क या चाचणीच्या यादीतून काढले गेले. २०२१ मध्ये वनप्लस ९ ची गंमत उलटी निघाली. क्रोमसारख्या रोजच्या ॲपांना तो फोन मुद्दाम संथ चालवत होता आणि चाचण्यांना मोकळं रान देत होता. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगच्या ‘गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस’ने हजारो ॲपांचा वेग रोखल्याचं उघड झालं, चाचणीची ॲपं मात्र त्यातून सुटलेली. गीकबेंचने एस १० पासून एस २२ पर्यंतचे फोन यादीतून काढून टाकले. यातल्या बऱ्याच लबाड्या पकडणारं ‘आनंदटेक’ हे संकेतस्थळ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद पडलं. तेवढ्या चिकाटीने तपासणारं दुसरं कोणी सहज डोळ्यांसमोर येत नाही.

नाव एक नि आतडी वेगळी, हाही भारतीय गिऱ्हाइकाचा जुना अनुभव. सॅमसंगने वर्षानुवर्षं गॅलेक्सी एस मालिका अमेरिकेत स्नॅपड्रॅगनवर आणि आपल्याकडे स्वतःच्या एक्सिनॉसवर विकली. २०२३ च्या एस २३ ला सगळीकडे स्नॅपड्रॅगन होता, २०२४ मध्ये एस २४ ला आपल्या वाट्याला पुन्हा एक्सिनॉस आला. परदेशी परीक्षण वाचून इथे फोन घेणाऱ्याने हे तपासलेलं बरं. उलट, चिप एक आणि फोन वेगळे असंही होतं. २०१८ मध्ये पोको एफ १ आणि वनप्लस ६ या दोघांतही स्नॅपड्रॅगन ८४५ होता, एक २०,९९९ ला, दुसरा ३४,९९९ ला. वेग जवळपास तोच. वरचे पैसे पडद्याचे, काचेचे आणि बांधणीचे.

डिलिव्हरीच्या आणि कॅबच्या धंद्यात मात्र कसोट्याच निराळ्या. पहिली, ॲप पाठीमागे जिवंत राहतं का. बॅटरी जास्त टिकल्याचं दाखवण्यासाठी बऱ्याच कंपन्या पाठीमागची ॲपं अँड्रॉइडच्या मूळ नियमांपेक्षा कडकपणे मारतात. गजर वाजत नाही, ऑर्डरची घंटी उशिरा येते. ‘डोंट किल माय ॲप’ नावाची एक यादी याच तक्रारींतून जन्मली, आणि तिच्यात सॅमसंग, हुआवे, शाओमी, वनप्लस ही बडी नावं वरच्या जागांवर राहिलेली आहेत. जुनी पोरं नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ कर, ‘ऑटोस्टार्ट’ चालू कर. मोटोरोला आणि पिक्सेल या बाबतीत कमी छळतात. रेडमी, पोको, रिअलमी, विवो यांच्या स्वस्त फोनांत आधीपासून भरलेली ॲपं, लॉक स्क्रीनवर येणाऱ्या बातम्या आणि जाहिराती यांचा वेगळाच जाच. तासभर बसून हे सगळं बंद केलं तर तोच फोन बराच सुसह्य होतो, पण तो तास विकत घेणाऱ्याने का द्यावा?

दुसरी कसोटी ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. हँडलला लावलेल्या फोनवर नकाशा चालू, पडदा पूर्ण उजळलेला, डेटा चालू आणि वर पॉवर बँकेवरून चार्जिंग. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला आवरतो, पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं. म्हणजे नकाशा सगळ्यात जास्त लागतो त्या दुपारी तो दिसेनासा होतो. इथे महागड्या चिपची मिजास चालत नाही. २०१५ चा स्नॅपड्रॅगन ८१० आणि २०२१ चा ८८८ या दोन्ही सर्वांत वरच्या चिपा तापण्याबद्दलच बदनाम झाल्या. मधल्या दर्जाची थंड चिप आणि उन्हात दिसणारा ॲमोलेड पडदा ही जोडी रस्त्यावर जास्त काम करते. स्वस्त एलसीडी पडदे भर दुपारी हाताची सावली केल्याशिवाय वाचता येत नाहीत. येरवडा मेट्रो स्टेशन ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं, तिथल्या दारावर क्यूआर तिकीट धरतानाही मंद पडद्याचा फोन दोन-तीनदा पुढेमागे करावा लागतो. अजून एक गंमत. दुचाकीच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याचं ऑप्टिकल स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. तसं स्थिरीकरण असलेल्या कुठल्याही फोनला तो लागू आहे. आठ-दहा हजारांच्या फोनात ते नसतंच, त्यामुळे तो निर्धास्त.

तिसरी कसोटी नेटवर्क. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेडमी ए ४ ५जी हा ८,४९९ रुपयांचा फोन आला. खोक्यावर ५जी, आणि ते खरंही. पण त्याची चिप फक्त ‘स्टँडअलोन’ प्रकारचं ५जी पकडते. जिओचं ५जी तसं आहे. एअरटेलचं तेव्हा ४जीच्या आधाराने चालणारं होतं, म्हणून एअरटेलचं सिम घातलं की हा ५जी फोन ४जीवर चाले. असली गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

भाषेचा मुद्दा थोडक्यात उरकता येईल, कारण तिथे प्रगती खरी आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून यंत्रणेच्या भाषांत मराठी आली, २०१७ पासून मराठीत बोलून टाइप करता येऊ लागलं. आठ हजारांचा फोनही आता जोडाक्षरं नीट काढतो. अडतं ते ॲपांपाशी, हे पोषण ट्रॅकरने दाखवलंच.

मग फोन टिकतो किती? ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ने आणि जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ ने सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. ऐंशी हजारांच्या फोनचं मला फार कौतुक नाही. सॅमसंगने २०२४ मध्येच १८,९९९ च्या गॅलेक्सी ए १६ ५जीला सहा वर्षांचं वचन दिलं, ती मात्र मोठी गोष्ट. दहा हजारांच्या खाली मात्र बऱ्याच फोनांची अजून दोन-तीन वर्षांवर बोळवण होते. अपडेट नसली तरी फोन चालतो, पण ॲपं साथ सोडतात. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ च्या आधीचे फोन बंद केले, बँकांची ॲपं त्याहून लवकर तोंड फिरवतात. दुसरीकडे, रॅम जेमतेम असलेल्या फोनवर मोठी अपडेट चढवली की तो आणखी मंदावतो. ४ जीबीच्या फोनला सुरक्षेची अपडेट जरूर द्यावीत, पण अँड्रॉइडची नवी आवृत्ती चढवण्याआधी त्याच मॉडेलवाल्या कोणाला तरी विचारावं.

आणि दुरुस्ती. बॅटरी, चार्जिंगची पिन ही कामं गल्लीतला कारागीर अर्ध्या तासात करतो. ‘फोल्डर’ गेला, म्हणजे काच आणि डिस्प्ले दोन्ही, तर एलसीडीचा परवडतो. ॲमोलेडचा ओरिजिनल कधीकधी फोनच्या निम्म्या किमतीला जातो. मग ‘कॉपी’ बसवली जाते आणि उन्हात दिसणारा पडदा, ज्यासाठी फोन घेतला होता, तोच जातो. २०२३-२४ मध्ये अपडेटनंतर ॲमोलेड पडद्यांवर हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारी देशभर झाल्या, आणि वनप्लसला त्या दोषापुरती आजीवन हमी द्यावी लागली. युरोपात जून २०२५ पासून फोनच्या खोक्यावर बॅटरी किती चक्रं टिकेल आणि दुरुस्ती कितपत सोपी आहे, हे छापावं लागतं. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीनेही २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाची चौकट मांडली. ती खोक्यावर उतरली तर चिपच्या नावापेक्षा उपयोगी पडेल.

२०२५ च्या अखेरीपासून एक नवी अडचण आहे. एआयच्या सर्व्हरांनी मेमरी कारखान्यांची क्षमता ओढून घेतली आणि रॅम-स्टोरेज महागलं. दर वर्षी त्याच पैशांत जास्त रॅम मिळण्याची जी सवय लागली होती, ती मोडली. याचा फटका स्वस्त फोनांनाच बसतो, कारण त्यांच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा. अशा वेळी बारा हजारांचा नवा ४ जीबी, ईएमएमसीवाला फोन घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन-तीन वर्षं वापरलेला, ८ जीबी आणि यूएफएस ३.१ चा, एकेकाळचा महागडा फोन घेणं मला शहाणपणाचं वाटतं. अट इतकीच की त्याची अपडेट निदान दोन वर्षं शिल्लक असावीत, आणि नवी बॅटरी टाकायचे हजार-दोन हजार वेगळे काढून ठेवावेत. पैसे देण्याआधी फोनवर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक घ्यावा, इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ ला पाठवावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथेच कळतं.